आधीसारखं

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात हंगाम संपून गव्हाण रिकामी झाली की वेगळीच धावपळ सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या घासल्या जातात, वजनकाट्याची तपासणी होते. २०२३ च्या उन्हाळ्यात या कामांत आणखी एकाची भर पडली. संगणक विभागातला डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायचा होता.

डेटाबेस मायएसक्यूएलचा, आवृत्ती ५.६. या आवृत्तीचा आधार फेब्रुवारी २०२१ मध्येच संपला होता. म्हणजे त्यात पुढे काही भगदाड सापडलं तरी ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीकडून येणार नव्हती. दोन वर्षं याची कोणी दखल घेतली नाही, कारण सगळं सुरळीत चाललं होतं. मग लेखापरीक्षकांनी शेरा मारला, त्यापुढच्या ५.७ चाही आधार त्याच ऑक्टोबरात संपणार असल्याचं कळलं, आणि चिटबॉयांच्या, म्हणजे फडावर जाऊन उसाच्या नोंदी घेणाऱ्या पोरांच्या, मोबाइलसाठी जे ॲप घ्यायचं ठरलं होतं त्याला ८.० च्या खालचं काही चालेना. तेव्हा कुठे पुण्याहून डेटाबेसचं काम करणाऱ्या मॅडम आल्या.

मॅडम कामाला पक्क्या होत्या. ५.६ वरून थेट ८.० वर जाता येत नाही, मध्ये ५.७ चा मुक्काम करावाच लागतो, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. एकदा ८.० वर गेलं की पुन्हा ५.७ वर उतरता येत नाही, मागे यायचं तर निघण्याआधीचा बॅकअप चढवावा लागतो, हेही सांगितलं. मूळ सर्व्हरला त्यांनी हात लावला नाही. आधी बॅकअपवरून शेजारच्या यंत्रावर एक प्रत उभी केली. बॅकअप रोज घेतो असं सगळेच सांगतात. तो परत चढतो का, हे बघणारे थोडे. मॅडमनी बघितलं. चढला.

मग ती प्रत ५.७ वर नेऊन मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर चालवला. त्याने पहिलीच तक्रार केली ती गटांच्या टेबलाबद्दल. कारखान्याचं कार्यक्षेत्र गटांमध्ये वाटलेलं असतं, आणि कुणा जुन्या प्रोग्रामरने त्या टेबलाला 'ग्रुप्स' असं नाव देऊन ठेवलं होतं. ८.० मध्ये हा शब्द डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवला आहे. ऊसतोड टोळ्यांच्या टेबलातला 'रँक' नावाचा रकानाही त्याच कारणाने अडला. नावं बदलली, प्रोग्राममध्ये जिथं जिथं ती आली होती तिथं दुरुस्त केली, विषय मिटला.

दुसरी अडचण घेऊन मात्र त्यांना शेतकी विभागात जावं लागलं. तिथले हेडक्लार्क आप्पा. येत्या मार्चला निवृत्त होणार होते. फॉक्सप्रोच्या जमान्यापासूनचे, त्यामुळे कुठली नोंद कुठं पडली आहे हे संगणकाला विचारण्याआधी लोक त्यांना विचारत.

"आप्पा, या त्रेचाळीस नोंदींना लागणीची तारीखच नाही. दिवस शून्य, महिना शून्य, साल शून्य."

आप्पांनी कागद हात लांब करून धरला. "असणार."

"५.६ मध्ये हे खपायचं. ५.७ पासून शून्य तारीख घ्यायला डेटाबेस नकार देतो. काय भरू?"

"तुम्ही कशाला भरताय मॅडम? चिटबॉयनं भरली न्हाई, तुम्हाला कुठनं ठावं असणार? रिकामीच ठेवा."

मॅडमनी शून्यांच्या जागी 'नल' टाकलं. डेटाबेसच्या व्यवहारात नल म्हणजे 'माहीत नाही'. शून्यापेक्षा हे अधिक खरं होतं, आणि चेकरची कुरकुरही थांबली. आप्पा मात्र तो कागद बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

चाचणी कसून झाली. प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या जुन्या-नव्या दोन्हीकडे मोजली. गटवार क्षेत्र, जातवार क्षेत्र, ८६०३२ किती, २६५ किती, सगळं जुळलं. मागल्या हंगामाची ऊसबिलं नव्या यंत्रावर पुन्हा काढली, ती पैशापर्यंत तंतोतंत आली. बिलांची काळजी सगळ्यांनाच होती, कारण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं. तोडणीच्या याद्यांमधली एका गटाची यादी काढून पाहिली, तीही जुन्यासारखीच दिसली. सप्टेंबरात एका रविवारी रात्री अदलाबदल झाली. सोमवारी सकाळी कुणाला काही कळलंही नाही, आणि या धंद्यात त्याहून मोठी शाबासकी नसते.

आता तोडणीची यादी म्हणजे काय, हे ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. कारखाना एका दिवसात सगळ्यांचा ऊस नेऊ शकत नाही. गाळप पाच महिने चालतं आणि प्रत्येकाला आपला ऊस पहिल्या महिन्यात गेलेला हवा असतो. उशीर झाला की उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान मोकळं व्हायला वेळ लागतो आणि पुढचं पीक चुकतं. टोळीला घाईनं बोलवायचं तर खुशाली मोजावी लागते, ती निराळीच. म्हणून क्रमपाळी. आधी जुलै-ऑगस्टची आडसाली लागण, मग पूर्वहंगामी, मग सुरू हंगामाची आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवर वाढलेला खोडवा. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. या एका वाक्यावर कारखान्याची इभ्रत असते, अनेक संचालकांची निवडणूकही. त्या वर्षी तर ऑगस्ट कोरडा गेलेला, विहिरी तळाला लागलेल्या. ऊस शेतात जितके दिवस जास्त उभा, तितका तोटा मोठा.

मोळी पडली, गाळप सुरू झालं. पहिल्या पंधरवड्याच्या याद्या गट ऑफिसांना गेल्या. चार-पाच दिवसांत एक शेतकरी शेतकी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आवाज चढलेला.

"माझा जुलैचा आडसाली उभाय. तुरा निघाय लागलाय. आन् बांधाला बांध लागून ऑक्टोबरची लागण, तिथं टोळी घातलीया तुम्ही. कुणाच्या सांगण्यावरनं?"

कुणाच्याच सांगण्यावरून नव्हतं. यादीत नाव वर होतं, चिटबॉयने तोडचिठ्ठी दिली होती. दुसऱ्या गटातूनही तसंच आलं, तिसऱ्यातूनही. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात एकच निष्कर्ष निघाला: नव्या मशीननं घोळ घातला, जुनं परत आणा.

जुनं परत आणणं आता शक्य नव्हतं. बॅकअप सप्टेंबरचा. त्यानंतर काट्यावर हजारो खेपांची वजनं चढली होती, टोळ्यांच्या उचली वळत्या झाल्या होत्या. ते सगळं पुसून मागे जायचं तर क्रमपाळीऐवजी बिलांवरून मोर्चा आला असता.

पुण्याहून मॅडम परत आल्या. त्यांना कारण सापडायला तासभरही लागला नाही. यादीचा प्रोग्राम डेटाबेसला सांगत होता की लागण तारीख, गाव आणि सभासद यांप्रमाणे नोंदी एकत्र कर आणि प्रत्येकाच्या क्षेत्राची बेरीज दे. प्रोग्रामच्या भाषेत ही 'ग्रुप बाय'ची ओळ. बेरजा कोणत्या क्रमाने दे, हे त्यात कुठंच नव्हतं. त्यासाठी 'ऑर्डर बाय' अशी वेगळी ओळ लिहावी लागते, ती कुणी लिहिलीच नव्हती.

जुनी मायएसक्यूएल एकत्र करायचं म्हटलं की न सांगताच त्या रकान्यांप्रमाणे क्रम लावून द्यायची. ही तिची रीत होती, वचन नव्हतं. उलट तिच्यावर विसंबू नका, असं ५.७ च्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेलं आहे. ८.० मध्ये ती रीत काढून टाकली, कारण क्रम लावायला वेळ जातो आणि मागितला नसेल तर तो खर्च कशासाठी? ओरॅकल डेटाबेस वापरणाऱ्यांना याच प्रकारचा धक्का २००५ च्या १०जी रिलीज २ मध्ये बसून गेला होता. म्हणजे गोष्ट नवी नव्हती. पण कारखान्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने पहिल्यांदा यादी काढली, ती तारखेप्रमाणे आली, तो खूश झाला आणि पुढच्या कामाला लागला. आपल्यापैकी बहुतेकांनी तेच केलं असतं.

चाचणीत हे का निसटलं, तेही उघड होतं. ओळी कशाही लावल्या तरी बेरीज तीच येते. एक यादी डोळ्यांनी पाहिली होती खरी, पण तिच्या गटातला चिटबॉय लागण झाली की लगोलग नोंद पाठवणारा. नव्या आवृत्तीत ओळी नोंद क्रमांकाच्या ओघाने येत होत्या, आणि त्या गटात नोंदीचा क्रम आणि लागणीचा क्रम एकच होता. एका माणसाच्या नेकीमुळे चूक झाकली गेली. असंही होतं.

"मग टाका की ती ओळ," शेतकी अधिकारी म्हणाले.

"टाकते. काय टाकू?"

"म्हणजे? लागण तारीख."

"तारीख सारखी असेल तर?"

अधिकाऱ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खिडकीकडे.

"आधी कसं व्हायचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मॅडमनी जुना प्रोग्राम पुन्हा वाचला. तारखेच्या मागोमाग गावाचा कोड होता. म्हणजे दोन गावांची लागण एकाच दिवसाची असली की कोड १ चं गाव आधी आणि शेवटच्या कोडचं गाव शेवटी, दर हंगामाला, न चुकता. कोड दिले होते गावांच्या नावांच्या बाराखडीप्रमाणे. शेवटच्या कोडचं गाव वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी उठून ओरडायचं की आम्हाला मुद्दाम मागे टाकतात, यात राजकारण आहे. शेतकी विभाग दरवर्षी शपथेवर सांगायचा की आम्ही काहीही करत नाही. दोघंही खरं बोलत होते.

अधिकारी खुर्चीत मागे टेकले. "आणि ज्यांना तारीखच नाही?"

हा प्रश्न मॅडमनाही पडला होता आणि उत्तर त्यांना आवडलं नव्हतं. चढत्या क्रमात मायएसक्यूएल 'नल' सगळ्यात वर ठेवते. शून्य तारीख तर कुठल्याही तारखेच्या आधीचीच. म्हणजे जुन्या आवृत्तीत काय आणि नवीत क्रम लिहिल्यावर काय, ज्याची तारीख कोरी, त्याचा ऊस यादीत पहिला.

आप्पांनी खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्याला मध्ये चार महिने झाले होते, घड्या झिजल्या होत्या.

"यातली छत्तीस आळसाची हायती," ते म्हणाले. "चिटबॉय फडावर गेला न्हाई, तारीख राहिली. यादी निघाली की तांबडी पेन्सिल घेऊन मी त्यांना खाली त्यांच्या जागी घ्यायचो. तारखा मला ठाव असायच्या."

"आणि उरलेली सात?"

"ती खाली घ्यायची नसायची."

"कुणी सांगितलं?"

"लेखी कुणीच न्हाई. फोन यायचा."

कुणी काही बोललं नाही. सात नावांतलं एक समोरच्या इमारतीत बसणाऱ्या एका संचालकांच्या घरचं होतं हे तिघांनाही माहीत होतं. एवढी वर्षं लोक यादीला संगणकाची यादी म्हणत आले होते, आणि संगणकाची म्हणून तिच्यावर भरवसा ठेवत आले होते. तिच्यात थोडी कुणा प्रोग्रामरची विसरभोळी ओळ होती, थोडी बाराखडी, थोडी आप्पांची तांबडी पेन्सिल आणि सात फोन. पेन्सिल मार्चला निवृत्त होणार होती. फोन राहणार होते.

या वर्षी पेन्सिल का चालली नाही, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "यंदा यादी सरळ गट ऑफिसच्या प्रिंटरवर निघाली. माझ्या टेबलावर आलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी संचालक स्वतःच संगणक विभागात आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बोलायला गोड माणूस. मॅडमची चौकशी केली, गेस्टहाऊसवर जेवण बरं मिळतं का ते विचारलं.

"ताई, तुम्ही हुशार आहात. पण हे इतकं लिहीत बसायची काय गरज? उसाचं काम आहे, इकडं तिकडं करावं लागतं. आधीसारखं चालू द्या."

"चालेल, दादा," मॅडम म्हणाल्या आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "फक्त आधीसारखं म्हणजे कसं, तेवढं एका ओळीत लिहून द्या. मी अक्षरशः तसंच टाकते."

संचालकांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं. कोरी तारीख पहिली, असं लिहिणं अवघड होतं. अमुक गाव आधी, असं लिहिणं त्याहून अवघड. आणि सगळे समान, असं लिहिलं तर आधीसारखं राहत नव्हतं. तेवढ्यात चहा आला. चहा घेऊन, कार्यकारी संचालकांशी बोलतो म्हणून ते उठले. पेन मात्र आठवणीनं नेलं.

ते बोलले असतीलही. पण शेवटच्या कोडच्या गावातली दोन-अडीचशे माणसं त्याच दुपारी कारखान्यावर आली होती, आणि कार्यकारी संचालकांना त्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं. संध्याकाळी परिपत्रक निघालं. मसुदा आप्पांच्या हातचा, सही कार्यकारी संचालकांची. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. लागण एकाच तारखेची असेल तर नोंद क्रमांक पाहावा. तारीख नसेल तर नाव यादीच्या तळाला. खोडव्याची तारीख म्हणजे आधीचा ऊस तुटला ती. नोंद क्रमांकाच्या कलमावर शेतकी अधिकाऱ्यांनी कुरकुर केली की चिटबॉयच्या ढिलाईची शिक्षा शेतकऱ्याला कशाला; आणि ती कुरकुर खोटी नव्हती. पण ज्याच्यावर उघडपणे भांडता येईल असं आता काहीतरी कागदावर होतं. मॅडमनी परिपत्रकाचे शब्द समोर ठेवून क्रमाची ओळ लिहिली, आणि प्रत्येक यादीच्या खाली ते परिपत्रकही छापून येईल अशी सोय केली.

त्यानंतर जे झालं त्याने मात्र मॅडमही हसल्या. वर्षानुवर्षं न सापडलेल्या तारखा चार दिवसांत सापडल्या. चिटबॉय धावले, शेतकरी स्वतः आले, कुणी कुणाच्या ओळखीनं चिठ्ठी पाठवली. त्रेचाळीस कोऱ्या नोंदींपैकी बहुतेकांवर एकच तारीख आली: १ जुलै. आडसालीची नोंद कारखाना ज्या दिवसापासून धरतो तो दिवस.

"एवढ्या लोकांनी एकाच दिवशी लागण केली?" मॅडमनी विचारलं.

"बैलं भाड्यानं मिळाली नसती त्या दिवशी," आप्पा म्हणाले.

मॅडमनी नोंदींच्या टेबलात दोन रकाने वाढवले, तारीख कोणी भरली आणि कधी भरली. पुढच्या हंगामापासून लागण तारखेचा रकाना कोरा सोडला तर नोंदच होणार नाही, अशी अट घातली. एवढं डेटाबेसमध्ये करता येत होतं. १ जुलै खरी की खोटी, हे डेटाबेसला विचारून उपयोग नव्हता.

ते काम आप्पांनी मागून घेतलं. उसाचं वय कांड्या मोजून ढोबळ काढता येतं, आणि जुलैची लागण व ऑक्टोबरची लागण यांत कांड्यांचा फरक एवढा असतो की चष्मा घरी राहिला तरी कळावा. तरण्या चिटबॉयच्या मोटारसायकलवर मागे बसून ते आठवडाभर फडाफडांतून हिंडले. ज्या चिटबॉयने तारीख भरली त्यालाच शेजारी उभा करायचे, त्याच्याकडूनच कांड्या मोजून घ्यायचे आणि त्याच्याच मोबाइलवरून दुरुस्ती करायला लावायचे. सहाव्या दिवशी ते संचालकांच्या रानात पोचले. मोजून बांधावर येतात तोच फोन वाजला.

"आप्पा, काय निघालं?"

"पूर्वहंगामी हाय, दादा. ऑक्टोबरची लागण."

"बरं. मग आमचा नंबर कितवा बसतोय आता?"

"यादी उद्या गट ऑफिसच्या भिंतीवर लागंल. नंबर कसा काढला ते तिच्या खालीच छापलंय."